एसडी चॅनेल आणि शार्पनेस
नव्या ४३ इंची टीव्हीवर केबलची साधी, म्हणजे एसडी (कमी तपशिलाची) चॅनेल धुरकट दिसतात म्हणून शार्पनेस (चित्रातल्या कडा ठळक करणारी सेटिंग) वाढवावा, असा सल्ला दिला जातो. माझा अनुभव नेमका उलट आहे. एसडी चित्रात जेमतेम ५७६ ओळी असतात आणि फुल एचडी टीव्ही त्या ताणून १०८० करतो, त्यामुळे शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील येत नाही, फक्त बातम्यांच्या पट्टीतील अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. ती कड नाहीशी होईपर्यंत शार्पनेस उतरवावा. सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआय (डिजिटल जोडणीची खाच) असल्यास पिवळी-लाल-पांढरी वायर काढून एचडीएमआय वायरच जोडावी. ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीसारखे कमी रुंदीचे चित्र ताणून पडदा भरू नये. बाजूच्या काळ्या पट्ट्या घरच्यांना खटकतात खऱ्या, पण निवेदिकेचा चेहरा निदान पसरट दिसत नाही.