दिवंगत कर्नलसाहेबांची स्मृतिसभा: पदकं, फलक, तिरंगा

प्रश्न: सोलापुरात विजापूर रोडच्या सोसायटीत निवृत्त कर्नलसाहेबांची स्मृतिसभा आहे. फोटोभोवती तिरंगा गुंडाळला तर चालेल का? फलकावर पद कसं लिहायचं? पदकं कशी मांडायची?

उत्तर १: गुंडाळू नका. ध्वजसंहितेनुसार तिरंगा पांघरतात तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यविधीत, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून. चितेत जाळतही नाहीत. सभेत काठीवर लावा, श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला.

उत्तर २: 'कर्नल (निवृत्त) अमुक' ही चूक सर्रास दिसते. 'कर्नल अमुक (निवृत्त)' असं लिहा. तारखा पेन्शनच्या कागदावरून घ्या, आठवणीवरून नको. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात. काळा ग्रॅनाइट घ्या आणि अक्षरं कोरूनच घ्या. नुसता रंग आपल्या उन्हात टिकत नाही.

उत्तर ३: सर्वांत मानाचं पदक बघणाऱ्याच्या डावीकडे, पुढे उतरत्या क्रमाने. घासूनपुसून चकचकीत करायचा मोह आवरा, कोरीव अक्षरं झिजतात. रिबन उन्हानं विटते, म्हणून फ्रेम खिडकीसमोर नको. घरच्यांनी पदकं लावायची तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची.

प्रश्नकर्ता: फोटोवरचा तिरंगा रद्द. ग्रॅनाइटचं बघतो.