स्टीफन-मटिल्डा संघर्षावरील नाटक: दोन पक्ष कसे दाखवावेत?

प्रश्न: ११३५ मध्ये राजा पहिला हेन्री वारल्यावर त्याची कन्या मटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यातील गादीच्या भांडणात दुभंगलेल्या इंग्लंडवर आम्ही नाटक बसवत आहोत. नट केवळ बारा आहेत. पक्ष वेगळे कसे ओळखू यावेत?

उत्तर १: ते कायमचे वेगळे दाखवूच नयेत. सरदार वारंवार बाजू बदलत होते, म्हणून तोच नट प्रेक्षकांसमोर झगा बदलून पलीकडे गेला, तर दुफळीचा अर्थ संवादाविना पोहोचेल.

उत्तर २: सहमत आहे. मात्र ११४२ च्या हिवाळ्यात वेढा पडलेल्या ऑक्सफर्डच्या किल्ल्यातून मटिल्डा पांढऱ्या वस्त्रांत, बर्फाशी एकरूप होऊन निसटली, तो प्रवेश पूर्ण शांततेत करावा. तेथे पार्श्वसंगीत कृपया नको.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ११४१ मध्ये लिंकन शहरातील लढाईत स्टीफन पकडला जातो, तेथेच मध्यंतर घेऊ.