अनुभव धागा : ‘ज्याचं त्याने बघावं’ की ‘हात द्यावा’? मत देताना तुम्ही काय धरता?

थोरली_गुहागर
काल जेवणं आटोपल्यावर पडवीत लाडकी बहीण योजनेवरून जोराचा वाद झाला. मुंबईहून गणपतीला आलेले धाकटे भाऊजी म्हणाले, महिन्याला फुकटचे 1500 मिळाले की माणसं कामाला जात नाहीत. जाऊबाई पत्रावळी उचलत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्यातनंच येतात.” मग विषय तिथेच थांबला.

मला मात्र 2017 ची कर्जमाफी आठवली. माझे बाबा सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचे म्हणजे भरायचेच. काजूचा पैसा पुरला नाही तर आईच्या पाटल्या गहाण पडायच्या. त्या वर्षी थकबाकीदारांना दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित भरणाऱ्यांना कर्जाच्या 25 टक्के, तेही फार तर 25 हजार. शेजारच्या काकांचं कर्ज सुटलं. आई कितीतरी दिवस धुसफुसत होती. काकांचे पैसे मुलाच्या दुखण्यात गेलेले, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्यांना ऑनलाइन फॉर्म भरता येईना, तेव्हा बाबाच त्यांना सेवा केंद्रात घेऊन गेले, दिवसभर रांगेत थांबले. तरी माफी चुकीची, त्यापेक्षा काजूला भाव द्या, हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत बदललं नाही आणि मतही ते त्याच हिशोबाने द्यायचे. मला त्यांच्या या दोन्ही गोष्टी मनापासून पटतात. तुमच्या घरात कसं आहे? पक्षांची नावं कृपया नकोत.

माडबाग
निसर्ग चक्रीवादळ. 3 जून 2020. आमची दिवेआगरची नारळ-सुपारीची वाडी दुपारपर्यंत आडवी. पहिल्यांदा मदत जाहीर झाली ती हेक्टरी 50 हजार. आता हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीला आले पाच हजार! पडलेले माड कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात भागत नव्हती. सुपारी लावली की पहिलं पीक यायला पाच-सात वर्षं. आजोबांनी लावलेलं, आम्ही शिंपलेलं, त्यात आळस कुठे होता? मी आयुष्यभर ‘स्वतःच्या पायावर उभं राहा’ याच बाजूचा आहे. पण पायाखालची जमीनच गेली तर उभं कुठे राहायचं ते सांगा. झाडामागे मदत द्या म्हणून गावंच्या गावं ओरडली ती भीक नव्हती, हिशोब होता.

सुरमई_रत्नागिरी
माडबागदादा 🙏 वाचून कसंतरी झालं. आता वाडी कशी आहे?

माडबाग
सुपारी परत लावलीय ताई. मधे केळी घेतो.

चिपळूणचा_दुकानदार
22 जुलै 2021, वाशिष्ठी नदीचं पाणी माळ्यापर्यंत. सगळा माल चिखलात. सरकारी मदत घेतली, नाही म्हणत नाही, आणि घेतल्याची लाजही नाही. तरी दरमहा पैसे वाटायला माझा विरोध होता आणि आहे. पूर आला, उभं केलं, पुढे माझं मी बघितलं, हे मला समजतं. ज्याला शेवटची तारीख नाही ती मदत मला समजत नाही. टॅक्स भरणाऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

थोरली_गुहागर
तुमचं म्हणणं कळतं. पण आमच्या जाऊबाई पहाटे पाचपासून राबतात आणि त्याचा पगार कुणीच देत नाही. त्यांच्या कष्टाला तरी कुठे शेवटची तारीख आहे?

चिपळूणचा_दुकानदार
हे मात्र खरं आहे वहिनी. विचार करतो. गिऱ्हाईक आलंय, रात्री लिहितो.

गाबताचो_झील
माका वाटता दोनय व्हयां. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. माशांची पैदास व्हयी म्हणान आमी होडी वर ओढतों, जाळी शिवीत बसतों. कायदो पाळूक हवोच. पण त्या दोन म्हयन्यांत चूल कशी पेटतली? जेच्या घरात तांदूळ आसा तो कायदो पाळता, जेच्याकडे नाय तो रातचो भायर पडता. तेका नुसतो दंड केल्यान काय व्हतला? आनी जे बंदीच्या बाहेरही एलईडीचे दिवे लावन दर्या खरवडतत तेंका सोडू नको. तेंच्यावर दया नको, कडक व्हया.

सुरमई_रत्नागिरी
एलईडीबद्दल शंभर टक्के. आमच्याकडेही छोट्या होडीवाल्यांचे तेच हाल.

पोयनाडची
माझी पणजी चरीच्या शेतकरी संपातली. 1933 ते 1939, सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या शब्दावर. जंगलातली लाकडं तोडून विकली, पोरं अर्धपोटी झोपवली, पण गाव फुटलं नाही. घरात हे इतक्यांदा ऐकलंय की ‘आपल्या लोकांनी कुणापुढे हात पसरला नाही’ हा आमचा अभिमान आहे. पण जमीन नावावर झाली ती कुळकायद्याने. म्हणजे कष्टही आमचे आणि कायदाही लागलाच. कसणाऱ्याने कितीही घाम गाळला तरी सातबारा आपोआप बदलत नाही. म्हणून कोणी ‘सरकारने काही देऊ नये’ म्हटलं की मला पणजी आठवते, आणि कोणी ‘सगळं सरकारनेच द्यावं’ म्हटलं तरी तीच आठवते.

कलमवाला_लांजा
आमच्याकडे यावर चांगला तोडगा चालू आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना. कोकणात 10 गुंठ्यांपासून घेता येते. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं. पुढच्या वर्षांचे पैसे मिळायला 80-90 टक्के झाडं जगलेली हवीत. सरकार हात देतं, पण पाणी घालायला तुम्हालाच जायचं असतं. मला मदत अशी हवी. फक्त एक. ज्या म्हातारीला हंडा उचलत नाही तिला ही अट लावू नका, तिला सरळ पेन्शन द्या. सगळ्यांना एकच माप लावलं की अन्याय होतो.

थोरली_गुहागर
हे बाबांना फार आवडलं असतं.

सुरमई_रत्नागिरी
कलमवालादादा, या योजनेतून काजूची कुठली जात लावलीत? आमची थोडी कातळाची जागा पडून आहे.

कलमवाला_लांजा
वेंगुर्ला 4 आणि 7. सातची बी मोठी, भाव बरा मिळतो. कातळात खड्डा नीट मारून माती भरा, पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.

दादर_ते_सावंतवाडी
मी त्या भाऊजींसारखाच मुंबईवाला. आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी परतले ते रिकाम्या हाताने. सबंध गाव ज्यांच्या मनीऑर्डरवर चालायचं, त्यांनाच मग ‘बसून खातो’ असं ऐकावं लागलं. आजी हे सांगताना अजून रडते. म्हणून कोणाला आळशी म्हणण्याआधी मी त्याची नोकरी कशी गेली ते विचारतो.
बाकी तुतारी एक्सप्रेसचं परतीचं तिकीट कोणाला कन्फर्म मिळालंय का? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, उभ्याने नेणं शक्य नाही.

चिपळूणचा_दुकानदार
आलो. दादर, मी सोमवारी गाडीने मुंबईला जातोय, मागच्या सीटवर जागा आहे. आईंना चिपळूणपर्यंत आणू शकलात तर घेऊन जातो. वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलं नाही, पण घरी बायकोला विचारलं, ती तुमच्याच बाजूची आहे.