मदत हवी आहे: आधारवर आईचं वय चार वर्षांनी कमी, वय वंदना कार्ड कसं काढू?

नमस्कार. मी गोव्यात फोंड्याला असते. माहेर पेडणे तालुक्यात, तिथे आई आणि माझा धाकटा भाऊ दोघंच राहतात. भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, मधूनमधून फिटही येते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं, सांधे बदलावे लागतील म्हणाले. घरचं दीनदयाळ कार्ड, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड आहे. पण त्यात तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चौघं किंवा जास्त असतील तर चार लाख. आता घरात माणसं दोन, म्हणजे दोघांत मिळून अडीच लाख. एकाच वर्षात आईचं ऑपरेशन झालं आणि भावालाही दाखल करायची वेळ आली, तर कुणाचा खर्च आधी भागवायचा? रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने.

म्हणून आईचं केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं असं ठरवलं. ७० आणि त्यावरच्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. ते झालं तर दीनदयाळचे पैसे भावासाठी राखता येतील.

आईला घेऊन कार्ड काढायच्या केंद्रावर गेले. आधी तर अंगठाच उमटेना. जन्मभर शेतात राबलेली बोटं, रेषा राहिल्यात कुठे? ओल्या फडक्याने पुसून चौथ्यांदा उमटला, तर माणूस म्हणतो, "ह्या सत्तरीच्या नाहीत." आई १९५४ ची. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने १९५८ टाकलं, तारीख १ जानेवारी. तेव्हा आमच्यापैकी कुणी नीट बघितलंही नाही. आणि या योजनेत वय आधारवरचंच धरतात.

ट्रंकेत आईच्या जन्मनोंदीचा पोर्तुगीज कागद सापडला. सगळा हाताने लिहिलेला, तारीख अक्षरांत, आणि घडीवर नेमका तिथेच फाटलेला. शिवाय त्यावर तिचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, त्यामुळे आधारवरची बाई आणि कागदावरची बाई वेगळ्याच वाटतात.

आधी नाव जुळवू की तारीख? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद १
ताई, घाईने आधार केंद्रावर जाऊ नका. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. फाटका कागद पुढे केलात आणि तिथल्या माणसाने चुकीचं वर्ष भरलं तर पुढचं सगळं कठीण होईल. जन्माची नोंद ज्या तालुक्यात झाली तिथल्या निबंधक कार्यालयातून आधी नवा दाखला घ्या. मग आईबाबांच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा काढा. त्यात वधूचं माहेरचं नाव आणि तिच्या आईवडिलांची नावं असतात, ती जन्मदाखल्याशी ताडून बघा. माझ्या सासूबाईंच्या वेळी हाच दुवा कामी आला. नावाचं निस्तरल्यावरच तारखेला हात घाला.

प्रतिसाद २
भावासाठी निरामय योजना बघितलीत का? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीसुद्धा त्यात बसतात. पैसे मात्र आधी आपण भरायचे आणि बिलं लावून परत मिळवायचे, म्हणून फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी न् चिठ्ठी जपून ठेवा. नोंदणी न्यासाशी जोडलेल्या संस्थांमार्फत होते. आईचं मार्गी लागेपर्यंत थांबू नका, हे आधी करून टाका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. निरामयचं नाव मी आजवर ऐकलंच नव्हतं. भावाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, या आठवड्यातच विचारते.

काल आईला सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी पेडण्यात कुठे जन्मले? माझा जन्म आजोळी, सत्तरी तालुक्यात." कागद परत उजेडात धरून बघितला, खरंच सत्तरी लिहिलंय. इतके दिवस मी पेडण्यालाच जायच्या तयारीत होते. सत्तरीचं कार्यालय वाळपईला, तिथे १९६१ च्या आधीची, पोर्तुगीज काळातली रजिस्टरं बघायला मिळतात का? अलीकडे कुणी तिथून दाखला काढला असेल तर किती दिवस लागले, आणि आईला स्वतः न्यावं लागेल का, तेवढं सांगा. तिला आता बसची पायरी चढवत नाही.