मदत हवी आहे : जुन्या एचिंगची फ्रेम बदलताना कागद कसा जपावा?

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीला राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे एक जुने एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेले चित्र) आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर कलंडलेल्या मासेमारीच्या होड्या, अर्धवट उतरवलेले शीड आणि ओल्या वाळूतले होड्यांचे प्रतिबिंब, तेही चार-पाच आडव्या रेघांत उभे केलेले. चित्राखाली डावीकडे डब्ल्यू. एल. वायली (१८५१–१९३१) या इंग्रज सागरी चित्रकाराची पेन्सिलीतली वाटावी अशी सही आहे.

काचेवरून भिंग धरून पाहिले तर छपाईचे ठिपके कुठेच दिसत नाहीत आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची खोलगट कडही स्पष्ट आहे. परंतु फोटोग्राव्ह्युअरमध्येही (फोटोवरून तयार केलेल्या पत्र्याने चित्र छापण्याच्या पद्धतीत) पत्रा दाबूनच छपाई होत असल्यामुळे तेवढ्यावरून हे अस्सल एचिंग ठरत नाही. आम्लाने कोरलेल्या रेघेची शाई कागदावर किंचित उठून येते आणि फोटोग्राव्ह्युअरच्या छटांत बारीक रवा दिसतो, हा फरक काच न काढता, तिरप्या प्रकाशात ओळखता येईल का?

खरी काळजी कागदाची आहे. मधे माउंट (कागद काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नसल्याने कागद थेट काचेला टेकला आहे, मागचा पुठ्ठा तपकिरी पडला आहे आणि आकाशाच्या भागात ओलीचे डाग उमटले आहेत. इथल्या एका फ्रेमवाल्यांनी कागदाच्या कडा कापून तयार मापाच्या फ्रेममध्ये बसवण्याचा सल्ला दिला, तो आम्ही मानला नाही. कारण कड कापली की पत्र्याची खूण आणि सही दोन्ही जाणार. (होड्या तेवढ्या राहतील, असे त्यांचे म्हणणे!)

कागद पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला निघाला, तर तो घरी सोडवण्याचा प्रयत्न करावा की तसाच जाणकाराकडे न्यावा? बेळगावच्या पावसाळी हवेत कागद ओल धरून नरम पडतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे असे मला वाटते. मात्र तोपर्यंत बुरशी पसरण्याची भीती आहे. बेंगळुरूला इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचे कलासंवर्धन केंद्र आहे हे ठाऊक आहे, पण काचेच्या फ्रेमसह एवढा प्रवास टाळता आला तर बरे. बेळगाव, धारवाड किंवा कोल्हापुरात जुन्या कागदाचे काम करणारे कोणी असल्यास, तसेच आम्लरहित माउंटबोर्ड आणि चिकटवण्यासाठी जपानी कागद कुठे मिळतो हे माहीत असल्यास कृपया कळवावे. सही आणि कडेचे जवळून घेतलेले फोटो कोणाला हवे असल्यास इथेच टाकतो.