पाणीमीटरचं एन्क्रिप्शन: चिपमध्ये की कोडमध्ये?

भोसरीचा_बोर्डवाला
सोसायट्यांसाठी वायरलेस पाणीमीटर करतोय. 3.6 व्होल्टचा लिथियम सेल, एकदा बसवला की वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. आमच्यातले सॉफ्टवेअरवाले म्हणतात, एन्क्रिप्शन (रीडिंग गुप्त करून पाठवणं) कोडमध्ये उरकू. माझं मत स्पष्ट आहे: अस्कॉन या सायफरचा (एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा) ब्लॉक, म्हणजे त्याचं सर्किट, हार्डवेअरमध्येच हवा. 2023 मध्ये अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) छोट्या उपकरणांच्या लाइटवेट क्रिप्टोग्राफीसाठी तोच निवडला, 2025 मध्ये मानकही आलं. 320 बिटांची स्टेट (आत घोळवायचा डेटा), त्यावर अँड, नॉट, एक्सॉर ही बिटांची साधी गणितं आणि रोटेशन (बिट गोल सरकवणं), बस्स. हार्डवेअरमध्ये रोटेशन म्हणजे नुसत्या तारा फिरवायच्या, एक गेट लागत नाही. 32 बिटी कंट्रोलरवर (मीटरमधला छोटा प्रोसेसर) 64 बिटांचं रोटेशन काय खातं ते डिसअसेंब्ली (कोडच्या मशीन-सूचनांची यादी) उघडून बघा.

हिंजवडीकर_फेज३
बिट-इंटरलीव्हिंग (64 बिटांतले सम-विषम बिट दोन 32 बिटी तुकड्यांत ठेवणं) केलं की तोही खर्च बराच उतरतो. मुळात सेल एन्क्रिप्शन खात नाही हो, रेडिओ खातो! त्याखालोखाल हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांनी आधी गुप्त की (किल्ली) ठरवणं. डीटीएलएस 1.3 या सुरक्षित जोडणीच्या नियमांतलं इलिप्टिक कर्व्हचं गणित छोट्या कंट्रोलरला घाम फोडतं. आणि ते सिलिकॉनमध्ये कोरायची सोय नाही, कारण पुढे क्वांटम कॉम्प्युटरला टिकणारं काहीतरी घालावं लागणारच. आजच्या इलिप्टिक कर्व्हवाल्या एक्स25519 ची पब्लिक की 32 बाइटची, क्वांटमला टिकणाऱ्या एमएल-केईएम-768 ची 1184. मग काय, कोथरूडभर भिंतीतून मीटर उपटत फिरणार?

भोसरीचा_बोर्डवाला
हँडशेक रोज कोण करतोय? की कारखान्यातच भरायची. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यातही एईएस-128 या प्रचलित सायफरची की आधीच भरून चालते.

हिंजवडीकर_फेज३
म्हणजे ती की फुटली की मागचं रेकॉर्ड केलेलं सगळं उघडं. छान. शिवाय काही हजार मीटरसाठी एएसआयसी (खास बनवून घेतलेली चिप) काढणार कोण? चिप छापायच्या मास्कच्या (साच्यांच्या) खर्चातच कंपनी बसेल. एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी तयार चिप) लावलात तर त्याचा नुसता स्टँडबाय करंट सेलच्या मुळावर येईल. बाजारात मिळणाऱ्या कित्येक कंट्रोलरांत एईएसचा ब्लॉक आयता असतो, तो वापरा.

सदाशिवपेठी_ऑसिलोस्कोप
आयता असतो, पण गळका असू शकतो. 2016 मध्ये संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यांची फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) की चिप वीज कशी ओढते एवढं मोजून काढली. एईएस हार्डवेअरमध्येच होतं, आणि त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना की एकच! बोर्डवाल्यांच्या बाजूने खरा मुद्दा इथे आहे, तो त्यांनी मांडलाच नाही: अस्कॉनच्या एस-बॉक्सची (बिट बदलणारा टप्पा) डिग्री 2, म्हणजे गणित साधं, म्हणून मास्किंग (वीजवापरातून की कळू नये म्हणून डेटा यादृच्छिक तुकड्यांत लपवणं) स्वस्तात होतं. अर्थात तरी जागा दुप्पट-तिप्पट लागते. मग ‘लाइटवेट’ किती उरलं ते मोजा.

हिंजवडीकर_फेज३
आणि चिपमधली खोट पॅचने जात नाही. 2017 मध्ये इन्फिनियनच्या चिपांतल्या आरएसए या पब्लिक-की पद्धतीच्या की बनवणाऱ्या लायब्ररीत घोळ निघाला, एस्टोनियाला लाखो ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली.

भोसरीचा_बोर्डवाला
तो घोळ की बनवण्यातला. मी सायफर कोरायचा म्हणतोय, की बनवणं नाही. दोन्ही एका पिशवीत घालू नका. पहिला लॉट एईएसवर काढू, प्रत्येक मीटरला वेगळी की. मास्क केलेल्या अस्कॉनचा कंट्रोलर परवडणाऱ्या भावात आला की दुसऱ्या लॉटला तोच.

सदाशिवपेठी_ऑसिलोस्कोप
लॉट निघण्याआधी जेटॅग (चिप तपासायचं पोर्ट) लॉक करा म्हणजे झालं. टेस्ट जिगवरून (कारखान्यातल्या तपासणीच्या चौकटीवरून) पोर्ट उघडा ठेवून माल बाहेर पडताना बघितलाय. तिथे सायफर कुठलाही असो, प्रोब लावला की संपलं.