कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकतेय (ड्रिफ्ट): हॉल इफेक्ट मॉड्यूल बसवू की नवीनच घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कन्सोलवाल्यांकडून आणि खास करून सोल्डरिंग येणाऱ्यांकडून सल्ला हवाय. घरी मी आणि धाकटा भाऊ एकाच कन्सोलवर खेळतो, तो फुटबॉल आणि मी एल्डन रिंग वगैरे. वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत डाव्या स्टिकला ड्रिफ्ट सुरू झाला. म्हणजे स्टिकला हात लावलेला नसताना कॅरेक्टर चालायला लागतं, मेनूत कर्सर खाली खाली जात राहतो, आणि फुटबॉलमधे पास भलत्याच खेळाडूकडे जातो. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण हा रोग एका कंपनीचा नाही, सगळ्यांकडे आहे.

आत्तापर्यंत केलेले उपाय: रीसेट, अपडेट, हवा मारणं, स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोल गोल फिरवणं. अल्कोहोलने काही दिवस बरं चाललं मग परत तेच. गेममधे डेडझोन (स्टिक मधल्या जागेपासून किती हलली तर दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) वाढवला की ड्रिफ्ट लपतो पण मग स्टिक हलकेच ढकलून हळू चालणं जमत नाही, एकदम पळायलाच लागतं, आणि शत्रूच्या मागून दबकत जायचं असेल तर सगळा विचका.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पहिला प्रश्न, "मॅडम, आपटला होता का?" नाही आपटला. दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा सगळं माझ्या भावालाच सांगत होता, कंट्रोलर माझ्या हातात, प्रश्न मी विचारतेय आणि उत्तरं त्याला. मुली पण खेळतात हो, आणि बऱ्याच वर्षांपासून खेळतात. ह्याचा मला खरंच त्रास होतो म्हणून इथे लिहिलं.

मग मी स्वतःच वाचत बसले. स्टिकच्या खाली एक छोटी डबी असते, तिच्यात दोन पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा तुकडा. घासून घासून पट्टी झिजते, कचरा साठतो, आणि मधली जागा कुठली हे कंट्रोलरला नीट कळेनासं होतं. म्हणजे नीट वापरलं तरी झिजणारच. आयफिक्सिटवाल्यांनी (उपकरणं उघडून दुरुस्ती शिकवणारी वेबसाइट) प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडून हिशोब मांडला होता, आतल्या स्टिकचं आयुष्य उत्पादकाच्या कागदांवर २० लाख फेऱ्यांचं, आणि कॉल ऑफ ड्यूटीसारखा गेम खेळलात तर ते साधारण ४०० तासांत संपू शकतं. ४०० तास म्हणजे रोज दोन तास धरले तर वर्षसुद्धा नाही.

आणि उपाय नवीन आहे असंही नाही! सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमधे १९९८ सालीच हॉल सेन्सर (म्हणजेच हॉल इफेक्ट) होते, तिथे स्टिकची जागा चुंबकावरून कळते, सेन्सरमधे काही घासतच नाही. इतक्या वर्षांनी २०२५ मधे निन्टेन्डो स्विच २ आला तरी त्यात हॉल इफेक्ट स्टिक नाहीत, आणि तेही जुन्या स्विचच्या जॉय-कॉनवरून (त्याचे कंट्रोलर) एवढा गदारोळ झाल्यावर, ज्याबद्दल त्यांच्या अध्यक्षांनी २०२० मधे माफी मागितली होती. अमेरिकेत ते जॉय-कॉन फुकट दुरुस्त करून द्यायला लागले. आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकलाच जात नाही, सगळा माल बाहेरून आलेला, त्यामुळे इथल्या लोकांना त्याचा उपयोग शून्य.

दोष मान्य केला की काय होऊ शकतं ते एक्सबॉक्स ३६० च्या वेळी दिसलंय. ते लाल रिंगवालं प्रकरण (बिघडला की कन्सोलवर लाल दिवे लागायचे) आठवत असेल, चिप तापून थंड होऊन आतले जोड तुटायचे, लोक बिचारे कन्सोल टॉवेलमधे गुंडाळून तापवायचे. शेवटी जुलै २००७ मधे मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षं केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. ड्रिफ्टने अख्खं मशीन बंद पडत नाही, फक्त कंट्रोलर जातो, आणि माणूस गुपचूप नवीन घेतो. मला वाटतं म्हणूनच हे इतकी वर्षं चाललंय.

अजून एक, कुठेही ड्रिफ्टबद्दल लिहिलं की लगेच "माझा पाच वर्षं झाली मस्त चालतोय, तुम्हाला वापरता येत नाही" किंवा "पीसी घे" अशी उत्तरं येतात. आवडत्या कंपनीची बाजू घेऊन दुसऱ्या गिऱ्हाईकालाच गप्प करायचं हे कसलं प्रेम? कृपया इथे तसं नको.

आता मुद्द्याचं. नवीन कंट्रोलर सहा हजाराच्या आसपास जातो आणि आत परत तीच पट्टी. त्यामुळे जुन्यातच हॉल इफेक्ट मॉड्यूल टाकावं असा विचार आहे, कोणी टाकलंय का, टिकतं का, आणि बॅटरी लवकर उतरते का? टीएमआर स्टिक (ह्याही चुंबकावर चालतात, पण सेन्सर वेगळा) कमी वीज खातात आणि जास्त अचूक असतात असं वाचलं, तर थेट त्याच घ्याव्यात का? आणि दोन्ही स्टिक एकदम बदलाव्यात की फक्त डावी? उजवी अजून ठीक आहे.

अपडेट: उत्तरं देणाऱ्यांचे मनापासून आभार. मॉड्यूलला १४ जोड असतात आणि जुनं काढताना बोर्डवरचे पॅड (सोल्डर जिथे चिकटतं ते धातूचे ठिपके) उखडायची भीती सगळ्यात जास्त, हे कळलं. कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिसळून मग काढायचं ही आयडिया फार आवडली. नवीन मॉड्यूल बसवल्यावर ब्राउझरमधून कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर मधली जागा चुकते, हेही लक्षात ठेवलंय.

नाशिकमधे एम. जी. रोडवर एक मोबाइल रिपेअरवाले काका तयार आहेत, हॉट एअर मशीन आहे त्यांच्याकडे, हात चांगला आहे, पण कंट्रोलर कधी केला नाही असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं. मी मॉड्यूल मागवून त्यांना देऊ, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे काम नेहमी करणारं कोणी आहे? कुरिअर करायची तयारी आहे. कोणी स्वतः करून घेतलं असेल तर किती पैसे घेतले आणि नंतर किती महिने चाललं एवढं तरी सांगा. भावाची पुढच्या महिन्यात कॉलेजमधे फुटबॉलची टूर्नामेंट आहे, स्वतःचा कंट्रोलर न्यायचा आहे त्याला, त्यामुळे जरा घाई आहे.